‘पण’च्या पुढचं वाक्य
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा सारांश)



‘स्वतःची ओळख’ हा विषय मला दिला, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, “तुम्ही यावर बोलणार? मग मी ऐकायला येते!” त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा आज खरंच बोलावं लागेल.

आपण इंदूरकर अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या पाहत मोठे झालो. झांकीच्या गाडीवर उभ्या असलेल्या माणसाला रस्ता दिसतो, गर्दी दिसते. फक्त झांकी दिसत नाही. ती कशी दिसते हे सांगायला रस्त्यावरचा माणूसच लागतो.

1955 साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हेच एका चौकटीत मांडलं. दोघांच्या नावांवरून तिला ‘जोहरी खिडकी’ म्हणतात. तिला चार कप्पे. पहिला, मला आणि इतरांनाही ठाऊक असलेला. दुसरा, मला ठाऊक पण मी झाकलेला. तिसरा, कोणालाच ठाऊक नसलेला. आणि चौथा, सगळ्यांना दिसणारा, फक्त मलाच न दिसणारा. माझी गोष्ट या चौथ्या कप्प्यातली आहे.

मी बँकेत शाखाधिकारी होतो. मी सगळ्यांचं ऐकून घेतो, अशी माझी ठाम समजूत होती. केबिनचं दार कायम उघडं असे. त्याच सुमारास गणेशोत्सवातली एकांकिका मी बसवत होतो. पाठांतरासाठी एका मुलाने तालीम कॅसेटवर भरून घेतली. ती मी घरी ऐकली. कोणी शंका विचारली की अर्ध्यावर तोडून मीच उत्तर देत होतो. एक मुलगी तीनदा म्हणाली, “काका, पण...” त्या ‘पण’च्या पुढे काय होतं, ते मी ऐकलंच नव्हतं.

आणि मला आमचा एक तरुण अधिकारी आठवला. काही महिन्यांपूर्वी तो कर्जाची फाईल घेऊन आला होता. “साहेब, पण तारण...” एवढंच म्हणाला. मी घाईत होतो. मी सही केली, त्यालाही करायला लावली. पुढे कर्ज थकलं, तारणाचे कागद खोटे निघाले. छाननी त्याच्या सहीची, म्हणून चौकशी त्याच्यावर आली. मी लेखी दिलं, ‘सदर बाब माझ्या निदर्शनास आणून दिली गेली नाही.’ मंडळी, लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. भीती वाटावी अशी गोष्ट हीच आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून विचारलं, “त्या दिवशी तू काय सांगत होतास?” तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, घरमालकाची सही जुळत नव्हती. मी दोनदा सांगायला आलो होतो.”

मी वरिष्ठ कार्यालयाला नवं पत्र लिहिलं. त्याच्यावरची कारवाई थांबली, माझी बढती लांबली. ते योग्यच झालं. पण लग्न ठरण्याच्या वयात चौकशीची नोटीस खिशात घेऊन त्याने काढलेले ते महिने मी त्याला परत देऊ शकलो नाही.

समर्थांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. ते वाचताना आपल्याला साडू आठवतो, शेजारी आठवतो, साहेब आठवतो. स्वतःचं नाव आठवलं, तरच ते वाचन कामी आलं असं समजावं.

त्यानंतर मी एवढंच केलं. समोरच्याचं बोलणं संपलं की मनात तीन आकडे मोजून मगच तोंड उघडायचं. आणि दर दिवाळीला घरात एकाला, कचेरीत एकाला विचारायचं, “माझं काय खटकतं?” उत्तर आलं की खुलासा द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. पहिल्या वर्षी सौ. म्हणाल्या, “आधी वही आणा!”

बाप्पाचे कान सुपाएवढे आहेत. मोदक आपण दरवर्षी त्याच्यासारखे खातो. यंदा कानही थोडे त्याच्यासारखे करू या.

आता मी थांबतो. कोणाचं काही ‘पण’ असेल, तर जरूर सांगा. मी ऐकतो आहे.

गणपती बाप्पा मोरया!