पथ्य सगळ्या घरानं पाळायचं

उत्तर प्रदेशात ठिकठिकाणी सेवा करणारे पशुवैद्यक मित्र आणि लखनौकर मराठी बंधुभगिनींनो,

लखनौत मराठीतून बोलताना परकं वाटत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये या शहरात संगीत महाविद्यालय उभं राहिलं आणि ते आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. आपल्या व्यवसायाचंही महाराष्ट्राशी तसंच नातं आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली, १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली आणि १९१३ पासून इज्जतनगरला विस्तारली. देशाच्या पशुवैद्यकाला दिशा देणाऱ्या या संस्थेचं मूळ पुण्यातलं, याचा मला अभिमान आहे.

अध्यक्षीय भाषणात धोरणांवर बोलावं अशी अपेक्षा असते. मी मात्र नाजूक पोटाच्या कुत्र्याच्या जेवणावर बोलणार आहे. आपल्या दवाखान्यांत हा रुग्ण रोज येतो आणि माझ्या मते त्याच्यावर सर्वांत घाईनं उपचार होतात. पालक विचारतात, “डॉक्टर, कुठल्या कंपनीचं देऊ?” आपण एक नाव सांगतो, सोबत जुलाबाच्या गोळ्या देतो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो.

खरं तर आधी विचारायला हवं ते शी कशी होते हे. दिवसातून दोन-तीनदाच, पण भरपूर पातळ होत असेल आणि वजन उतरत असेल, तर दुखणं बहुधा लहान आतड्याचं असतं. पुन्हा पुन्हा थोडीथोडी होणं, कुंथणं, आव पडणं, शेवटी ताज्या रक्ताचे थेंब दिसणं, ही मोठ्या आतड्याची लक्षणं. दोघांचं पथ्य वेगळं. पहिल्याला कमी स्निग्ध, सहज पचणारं अन्न मानवतं. दुसऱ्याला पुष्कळदा तंतुमय पदार्थांनी आराम पडतो. मग चिमूटभर इसबगोल किंवा शिजवलेला लाल भोपळाही कामाला येतो. जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही हाडांचा सापळा होत असेल, तर स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं तपासायलाच हवीत. आणि या सगळ्याच्या आधी शीची तपासणी: अंकुशकृमी, जिआर्डिया. पोटात जंत असताना महागडं अन्न बदलत राहणं म्हणजे पालकाचे पैसे वाया घालवणं आहे.

त्यानंतर यावी जेवणाची चौकशी. ती कशी करावी हे एका उदाहरणानं सांगतो. अलीगंजमधलं एक मराठी कुटुंब आपला लॅब्रडॉर घेऊन आलं होतं. कित्येक महिने त्याला मधूनमधून जुलाब व्हायचे. घरातल्या सूनबाईंनी सगळं लिहून आणलं होतं: कोणतं अन्न, किती वाट्या, किती वाजता. कागद अगदी चोख होता. मी विचारलं, “आणखी कोण काय देतं?” सगळे गप्प. मग आजी हळूच म्हणाल्या, “अहो, चहाबरोबर एक टोस्ट देते हो मी. तो बिचारा तोंडाकडे बघत बसतो.” स्वयंपाकाच्या मावशी दुधावरची साय घालत होत्या. थंडी सुरू झाल्यापासून मुलगा रविवारी चौकातल्या गोल दरवाज्याजवळून मक्खन मलई आणायचा, त्यातही या लाडक्याचा वाटा ठरलेला होता. जंतांची चघळायची गोळी होती, तीही मांसाच्या चवीची. कागदावर एक अन्न होतं, पोटात पाच जात होती. कुणी वाईट हेतूनं देत नव्हतं. घरातला प्रत्येक जण आपापल्या परीनं माया करत होता.

दुधाचं इथे स्पष्ट सांगतो. उत्तर प्रदेशात ‘दूध-रोटी’ आणि आपल्याकडे ‘दूध-पोळी’ हे कुत्र्याचं ठरलेलं जेवण. पिल्लू आईचं दूध सोडतं तशी दुधातली साखर पचवणारी त्याची क्षमता बहुधा घटत जाते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, तो वर. ज्याला सोसतं त्याला थोडं द्यायला हरकत नाही, पण पोट बिघडलेल्याचं दूध पहिल्या दिवशी बंद. रोटीचा मात्र उगाच बळी देऊ नका. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासानं दाखवून दिलं, की लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या वस्तीत राहून त्यानं धान्य पचवायची ताकद कमावली आहे. अन्नाच्या ॲलर्जीत सर्वांत जास्त वेळा दोषी ठरतात ते गोमांस, दुधाचे पदार्थ आणि कोंबडी. गहू त्यांच्या मागून येतो. ‘धान्यविरहित’ अन्नाचा मोठा गाजावाजा झाला, पण अशा काही अन्नांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, हे तपासायची पाळी २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनावर आली.

इथेच आपल्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. जुलाब म्हटलं की आपण ‘चिकन-भात’ सांगतो. दोन-तीन दिवसांसाठी ठीक आहे. पण ज्या कुत्र्याला कोंबडीच सोसत नाही, त्याचं दुखणं आपण त्याच पातेल्यात शिजवून परत देतो. अशा रुग्णाला पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन द्यावं. इथे रोहू सहज मिळतो. काटे काढून, मीठमसाला न घालता उकडावा. शाकाहारी घरात आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं सोयाबीनवर आधारलेला आहार बसवता येतो. ऐपत असेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं औषधी अन्न उत्तम, कारण शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला सहसा ओळखत नाही. पाकिटावर पुढे मेंढीचं चित्र असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे कोंबडीची चरबी निघते. परदेशांतल्या तपासण्यांत तर लेबलवर नसलेली प्रथिनंही पाकिटात सापडली आहेत. आणि ॲलर्जीच्या रक्तचाचण्यांवर अन्न ठरवू नका, त्या भरवशाच्या नाहीत.

नवं अन्न आठवडाभरात हळूहळू वाढवावं: आधी पाव, मग निम्मं, मग पाऊण. त्यानंतर निदान दोन आठवडे त्या अन्नाशिवाय दुसरा कण नाही. पोटाच्या तक्रारीत गुण यायचा असेल तर बहुधा तेवढ्यात येतो. कातडीच्या तक्रारीला आठ आठवडे लागतात. गुण आल्यावर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहावं. त्रास परतला तरच निदान पक्कं. या परीक्षेत कुत्रं कधीच नापास होत नाही, घर होतं. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी दया येते, चौथ्या दिवशी शेजारी दुसरं पाकीट सुचवतो.

घरचं अन्न कायमचं द्यायचं असेल तर प्रमाण बसवून घ्या. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांनी घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. नुसत्या भात-मांसात कॅल्शियम फार कमी पडतं. आणि या शहराच्या खाद्यसंस्कृतीबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो: कबाब, निहारी, बिर्याणीचं उरलेलं कुत्र्याला घालू नका. चरबीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, कांदा-लसणानं तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिजवलेलं हाड आतड्यात रुततं. गल्लीतल्या कुत्र्यांना प्रेमानं खाऊ घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

मित्रहो, प्रतिजैविकांवरचा आपला हात आता आखडता घ्यायला हवा. जुलाब दिसले की मेट्रोनिडाझोल, ही रीत झाली आहे. ते निरोगी कुत्र्याच्याही आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंची घडी विस्कटतं आणि ती सावरायला कित्येक आठवडे लागू शकतात. सौम्य जुलाबात प्रतिजैविकं देऊ नयेत, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ग्लानी, ताप, सतत उलट्या, लसीकरण न झालेलं पिल्लू, अशा वेळी मात्र अन्नाचे प्रयोग न करता तातडीनं दाखल करा.

तेव्हा माझी आपणा सर्वांना एकच विनंती आहे. उद्या दवाखाना उघडाल तेव्हा पोट बिघडलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या कागदावर औषधाच्या आधी जेवण लिहा: कोणतं अन्न, किती ग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि घरातलं कोण देणार. पालकाला वाचता येईल त्या भाषेत लिहा, इथे हिंदीत, महाराष्ट्रात मराठीत. आणि दोन आठवड्यांनी त्यांना परत बोलवाल तेव्हा आजींनाही सोबत आणायला सांगा.