वणवा आणि पायदळ तुकड्या

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागातील कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा समावेश असलेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कडे, घळी आणि गवताळ सडे असल्यामुळे अग्निशामक बंब बहुतेक ठिकाणी पोहोचू शकत नाही, आणि वणव्याशी सामना वनरक्षक, वनमजूर व ग्रामस्थ यांच्या पायी चालणाऱ्या तुकड्यांनाच करावा लागतो. वन विभागाचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा मानला जातो; त्यापूर्वीच जाळरेषा, म्हणजे गवत व पालापाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा, तयार करावी लागते, कारण जळणाविना आग पुढे सरकत नाही.

प्रत्यक्ष वणव्यात हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपल्या जातात, तर पाठीवरचा ब्लोअर पाचोळा उडवून आगीची वाट तोडतो. चढावर ज्वाळा वरचे गवत आधीच तापवतात व आग वेगाने धावते. म्हणून तुकडी आगीच्या वरच्या अंगाला न थांबता जळालेल्या भागाचा आधार घेत बाजूने पुढे सरकते. ज्वाळा विझल्यावरचे काम कंटाळवाणे, पण तितकेच निर्णायक असते: धुमसणारे बुंधे फोडून त्यांवर माती ओढली जाते, अन्यथा दुपारच्या वाऱ्याने आग पुन्हा पेटते.

वनहक्क उपभोगणाऱ्यांनी आग रोखण्यास साहाय्य करावे, असे बंधन भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 79 ने घातले आहे. तरीही नवे गवत जोमाने फुटते या समजुतीने डोंगर पेटवले जातातच.