अंतर एक, वेळा दोन

मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. ताशी 900 किलोमीटर वेगाच्या विमानाने हा प्रवास आठ तासांत पुरा व्हावा, असे त्रैराशिक शाळकरी मुलगाही मांडील. प्रत्यक्षात लंडनला जाताना त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो, आणि येताना त्या मानाने कमी. मग हिशेब चुकतो कोठे?

प्रथम अंतराचाच विचार करू. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो कराची, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग आणि युक्रेन यांवरून जातो. सर्वांत जवळची वाट ती हीच. परंतु आकाशालाही सरहद्दी असतात. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद झाले, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले. विमानतळ जागचे हलले नाहीत, तरी वाट मात्र लांबली.

दुसरे कारण वाऱ्याचे. विमान उडते ते हवेत, आणि ती हवा स्वतः वाहत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात, व हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. समजा, वारा सरासरी ताशी 50 किलोमीटरचा आहे. समोरून आला तर 900 चे 850 होतात आणि सुमारे साडेआठ तास लागतात. पाठीशी असला तर 950 होतात आणि साडेसात तासांहून थोडाच अधिक वेळ पुरतो. नावाड्याला ठाऊक असलेली प्रवाहाची गोष्टच येथे दहा किलोमीटर उंचीवर घडते.

हा केवळ गणिताचा विनोद नव्हे. विमानात किती इंधन भरावे, हे किलोमीटरांवर ठरत नाही. नियोजित मार्ग, वारा आणि विमानाचे वजन पाहून ते ठरते. शिवाय मुक्कामाचा विमानतळ ऐनवेळी बंद झाल्यास दुसरा गाठण्यापुरते, आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते इंधन निराळे राखावे लागते. इंधन कमी पडले तर धोका, आणि फाजील भरले तर ते वाहून नेण्यातच आणखी इंधन जळते.

8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्यास कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले होते. आता वाटेत न उतरता लंडन गाठता येते. म्हणून आप्तास आणावयास विमानतळावर जाणाऱ्याने नकाशावरील अंतरावरून वेळ काढू नये. त्या दिवशीची विमानाची वेळ विचारून घ्यावी. वैमानिक निघण्यापूर्वी वाऱ्याची विचारपूस करतो, तीही याच कारणास्तव.