मराठी नोट्सची पीडीएफ का बिघडते? आणि मूळ मजकूर कसा जपायचा?

मी गव्हाणहून बोलतोय, पनवेल तालुक्यातलं आमचं गाव. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी, आणि वेळ मिळेल तेव्हा हा पॉडकास्ट. आजचा विषय तसा कोरडा वाटेल. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मराठी नोट्स ठेवायच्या कशा, आणि त्यांची नीट पीडीएफ काढायची कशी. पण शेवटपर्यंत ऐका, कारण यात आपलं बरंच काही अडकलेलं आहे.

आधी सांगतो मी हे कशासाठी वापरतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनात आल्या. गव्हाण त्यातलंच. पुढे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हे सगळं कागदोपत्री आहे. पण कुठल्या शेताला घरात काय नाव होतं, खाजणाचा बांध फुटला की कोण धावायचं, मिठागरात कामाची वाटणी कशी व्हायची, हे सातबाऱ्यावर नसतं. ते सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या तोंडी आहे. ते मी लिहून घेतोय.

लिहायचं कशात? साध्या टेक्स्टमध्ये. मार्कडाउन ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणली. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकला की मथळा, डॅश टाकला की यादी. बस्स. अॅण्ड्रॉइडवर मार्करसारखं मोफत अॅप घ्या, ते फोनच्या फोल्डरमध्ये सरळ फाइल ठेवतं. उद्या अॅप बंद पडलं तरी फाइल दुसऱ्या कशातही उघडते. जागेची चिंता नको. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे शंभर पानांची वहीसुद्धा फोनमधल्या एका चांगल्या फोटोपेक्षा लहान भरते.

आता पहिली अडचण, लिहितानाची. आमच्या आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो. आजी ‘डोला’ म्हणते आणि कीबोर्ड गुपचूप ‘डोळा’ करून टाकतो. व्हॉइस टायपिंग तर अख्खं वाक्यच पुस्तकी करतं. म्हणून बोली लिहिताना ऑटोकरेक्ट बंद ठेवा. बोलून टाइप केलं असेल तर मूळ रेकॉर्डिंग ऐकत एकदा तपासा. नाहीतर आजीचे शब्द म्हणून आपण कीबोर्डचे शब्द जपून ठेवू.

दुसरी अडचण, शोधताना. फाइलमध्ये ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द समोर दिसतोय, पण सर्च केलं की सापडत नाही! कारण हा ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्ता असलेला ‘र’, हलंत आणि ‘य’. दुसरा, साधा ‘र’, हलंत, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ‘य’. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. आकड्यांचंही तेच: देवनागरीत लिहिलेलं साल इंग्रजी आकड्यांनी शोधलं तर बऱ्याच एडिटरमध्ये हाती लागत नाही. उपाय सोपा आहे. एक पद्धत ठरवा, आणि जुन्या फाइलींमध्ये फाइंड-रिप्लेसने सगळीकडे तीच करून घ्या. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस ठेवा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

आता पीडीएफ. लॅपटॉपवर मी पॅनडॉक वापरतो. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मार्कडाउन दिलं की वर्ड, पीडीएफ, ईपब, काय हवं ते काढून देतं. मराठीत मात्र ते तीन ठिकाणी अडतं. लक्षणावरून ओळखा.

एक, काम मध्येच थांबतं आणि युनिकोडचं अक्षर माहीत नाही असा एरर येतो. पॅनडॉक आपणहून पीडीएफ-लाटेक हे इंजिन घेतं, त्याला देवनागरी झेपत नाही. इंजिन बदलून झीलाटेक सांगा. स्पेलिंग एक्स, ई आणि पुढे लाटेक.

दोन, पीडीएफ निघते, इंग्रजी दिसतं, पण मराठीच्या जागी कोरी पानं किंवा चौकोन. इंजिन बरोबर आहे, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मुख्य फॉन्ट म्हणून नोटो सेरिफ देवनागरी द्या. किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ थेट मिळतात.

तीन, अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं फुटलेली, वेलांटी भलतीकडे. इथे फॉन्टच्या पर्यायांमध्ये स्क्रिप्ट देवनागरी आहे हे सांगायचं राहिलेलं असतं. ते लिहिलं की अक्षरं जुळतात. हे तिन्ही पर्याय फाइलच्या वरच्या भागात एकदाच लिहून ठेवा, रोज टाइप करायची गरज नाही.

लॅपटॉप नाही? काही बिघडत नाही. फाइल एचटीएमएल करून फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, प्रिंटमध्ये जा, सेव्ह अॅज पीडीएफ करा. ब्राउझरला देवनागरी जुळवता येते. घाईत मीही हेच करतो.

अजून एक. गावातल्या मंडळांकडे, संघटनांकडे जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फाइली पडून असतात. उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या खराब झालेल्या नसतात. आत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फाइल डिलीट करू नका. फॉन्टचं नाव टिपून ठेवा आणि त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. मग छापील प्रत समोर ठेवून वाचून घ्या, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पीडीएफ ही छापील प्रत समजा, मूळ वही नव्हे. चांगल्या पीडीएफमधूनही मराठी कॉपी केलं की वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, कारण आत अक्षरांचे आकार मांडलेले असतात. ग्रुपवर पाठवायला पीडीएफ खुशाल पाठवा, पण टेक्स्ट फाइल दोन जागी जपा. एक फोनवर, एक घराबाहेर.

या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, आपल्या शेताला काय म्हणायचे? जे नाव येईल ते त्यांच्याच उच्चारात एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. पीडीएफचं नंतर बघू, ती कधीही काढता येते. चला, भेटू पुढच्या भागात.