हुकूम नव्हे, अर्ज

यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस आला आणि कापूस म्हटला की जिन आले. जिनात रुई आणि सरकी वेगळी होते, आणि प्रेसमध्ये त्या रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातून जुन्या जिन-प्रेसच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली. तेव्हापासून कितीतरी प्रेसशेजारी एक लोखंडी कपाट उभे राहिले. त्या कपाटात एक अबोल कारभारी बसतो. त्याचे नाव पीएलसी.

अमेरिकेत डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९ च्या सुमारास 'मॉडिकॉन ०८४' तयार केला. हा या कारभाऱ्यांचा एक मूळपुरुष. मोटार कारखान्यांतल्या रिले आणि तारांच्या जंजाळाची जागा त्याने घेतली.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्दाने काय हलते, हा माझा जुना प्रश्न. इथे तर शब्दाने प्रेसचा दट्ट्या हलतो! पण कसा? प्रोग्रॅम लिहिणारा 'दट्ट्या खाली' असे लिहितो, तेव्हा तो थेट हुकूम नसतो, अर्ज असतो. मशीनला हात लावण्याचा अधिकार प्रोग्रॅमला नसतो. तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे असतो. प्रोग्रॅम तिला हाक मारतो, ती काम करते आणि उत्तर देते: झाले, किंवा अमुक चूक आली. हीच सिस्टीम कॉलची रीत.

रोजच्या कामासाठी तिने एक फेरा बांधून दिलेला असतो. आधी सगळ्या सेन्सरची स्थिती टिपायची, मग त्या टिपणावरून प्रोग्रॅम चालवायचा, शेवटी सगळे निकाल मशीनकडे पाठवायचे. असा फेरा सेकंदात कितीतरी वेळा होतो. प्रोग्रॅम मध्येच अडकला आणि फेरा ठरलेल्या वेळेत संपला नाही, तर पहारेकरी घड्याळ त्याला थांबवते. मशीन आधी ठरवलेल्या सुरक्षित स्थितीत जावे, अशी योजना असते.

पण अर्ज मंजूर झाला म्हणजे काम झालेच, असे नाही. हे आपल्याला तहसीलीत वेगळे सांगायला नको! 'थांब' हा निरोप कार्डापर्यंत पोचला, तरी व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. म्हणून चांगला प्रोग्रॅमर उत्तर तपासतो, आणि दट्ट्या खरोखर थांबला का, हे लिमिट स्विचला वेगळे विचारतो.

आणि माणसाचा जीव तर अर्जावर सोडताच येत नाही. म्हणून आणीबाणीच्या लाल बटणाची तार साध्या प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवत नाहीत. ती धोकादायक हालचालीची शक्तीच तोडते. त्या बटणातून एरवी वीज वाहत असते. दाबले की ती तुटते, आणि उंदराने तार कुरतडली तरीही मशीन थांबतेच. बिघाड झाला तर माणसाच्या बाजूने व्हावा, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या मोहल्ल्यातली माणसे हंगामात जिनात राबतात. काम लवकर उरकावे म्हणून दरवाज्याचा स्विच कुणी तारेने बांधून ठेवतो. मग सिस्टीमला दरवाजा बंदच दिसतो, आणि आत हात असतो. तिला खोटे सांगितले, तर ती खोट्यावरच निर्णय घेणार. तेव्हा हंगामाचा पहिला कापूस येण्याआधी मालकांनी लाल बटण दाबून पाहावे, आणि स्विचला बांधलेली तार दिसली तर ती आधी सोडवावी.