आणायचं कुठून, ते सांगा

(महिला शेतकरी व आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात रक्तक्षयावर बैठक घेत होते. पालेभाजी खा, डाळ खा, भाकरी खा, असं तक्ता दाखवून सांगत होते. मागून एक मावशी म्हणाल्या, "ताई, काय खायचं ते कळतंय आम्हाला. आणायचं कुठून, ते सांगा. रानात समदं सोयाबीन हाय. पाथरी, तांदुळजा फवाऱ्यानं जळून गेला." समाजकार्याची पदवी घेतलेली मी गप्प झाले.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाहणीत आकडा ५४ वर गेला. गोळ्या आणि उपदेश चालू असतानाच तो वाढला.

मावशींच्या रानात पूर्वी ज्वारीबरोबर तूर, मूग, उडीद असायचे, कडेला अंबाडी. माणसांना भाकरी, जनावरांना कडबा. खुरपताना ओट्यात भाजी जमायची. बी घरात राखेत ठेवलेलं असायचं आणि ते बाईच्या ताब्यात असायचं. सोयाबीनने रोख पैसा दिला, तो हवाच होता. शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. पण बी दुकानातून येऊ लागलं, माल आडतीवर जाऊ लागला आणि पट्टी सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याच्या हाती पडू लागली. तणनाशक आलं तशी भाजी गेली, खुरपणीची मजुरीही गेली.

त्यात हवामान बदलतंय. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी एकाच पिकावर बेतलेलं घर उघडं पडतं. मिश्र पिकात एक गेलं तरी दुसरं थोडंफार हाती लागतं. शिवाय हवेतला कर्बवायू वाढला की गहू-तांदळातलं लोह आणि जस्त घटतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. ज्वारीसारख्या पिकांवर हा परिणाम कमी होतो.

२०२३ हे पौष्टिक तृणधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. चांगलं झालं. पण रब्बीची ज्वारी उपटायची कुणी, भाकरी थापायची कुणी आणि सर्वांची जेवणं झाल्यावर उरलेलं खायचं कुणी, हे त्या उत्सवात कुणी विचारलं का? सकस आहाराच्या नावाने बाईचेच कष्ट वाढणार असतील, तर तो मार्ग आपला नाही.

मग मार्ग कोणता? मराठवाड्यात स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात आधी घरापुरतं धान्य, डाळी, भाज्या लावल्या. २०१६ साली संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण मला मोलाचं वाटतं ते हे की, काय पेरायचं हे बाईने ठरवलं.

जिच्याकडे एकरही नाही, तिचं काय? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री कुटुंबप्रमुख धरली आहे. त्याच कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही आहे. तेव्हा आपली मागणी सरळ आहे. आपल्याच भागातली ज्वारी-बाजरी हमीभावाने घ्या आणि रेशनवर, अंगणवाडीत नियमित द्या. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा.

त्या गावात मी पुन्हा जाणार आहे. तक्ताही नेईन. पण आधी विचारीन, "मावशी, यंदा रानात काय पेरायचं हे घरात कोण ठरवतं?" तुम्हीही आपापल्या गावी हाच प्रश्न विचारा. बैठक तिथूनच सुरू होऊ द्या.