मुहर्रकमधला न दिसणारा समुद्र

१९६७ साली रिचर्ड लाँग हा इंग्रज कलाकार एका माळावर एकाच रेषेत पुन्हा पुन्हा चालत राहिला. गवत दबलं, रेघ उमटली, तिचा त्यानं फोटो काढला. एवढीच ती कलाकृती! बहारीनच्या मुहर्रक शहरात मात्र वाट आयती मिळते. चालणाऱ्यानं फक्त तंद्री आणायची.

मनामाच्या आधी मुहर्रक राजधानी होती, आणि मोत्यांच्या धंद्याचं मोठं ठाणं. उन्हाळ्यात होड्या निघत त्या सुमारे चार महिने समुद्रावरच राहत. नाकाला चिमटा लावून, पाय दगडाच्या दोरात अडकवून पाणबुडे तळ गाठत. वरचा सोबती दोर ओढून त्यांना बाहेर काढी. मोती मुंबईच्या बाजारात येत. बहारीनमध्येही १९६५ साली दिनार येईपर्यंत व्यवहार रुपयातच चालत.

मग जपानी संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली, १९३२ साली तेल सापडलं. धंदा बसला.

घरं मात्र उरली. २०१२ साली युनेस्कोनं समुद्रातले तीन शिंपल्यांचे पट्टे, थोडा किनारा, बू माहिरचा किल्ला आणि गावातल्या सतरा इमारती जागतिक वारशात घेतल्या. किल्ल्यापासून व्यापारी सियादींच्या वाड्यापर्यंतची वाट साधारण साडेतीन किलोमीटरांची. अरुंद गल्ल्या, त्यामुळं सावली. मधूनच गोल पांढऱ्या दिव्यांचे खांब. हिवाळ्यात जावं हे उत्तम, उन्हाळ्यात तंद्री नव्हे, चक्कर येते.

गंमत अशी, की या वाटेवर समुद्रच जवळपास दिसत नाही. भराव टाकून टाकून तो दूर सारलाय. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. मुहर्रकचा मूळ किनारा उरलाय तो बू माहिरजवळ. म्हणजे कुठल्याही वाड्यापुढं उभं राहिलं की पाणी, होड्या, गलबला हे सगळं ज्याचं त्यानं मनात भरायचं. पाटीवरचा मजकूर वाचून हे होत नाही. रमतगमत, एखादी गल्ली चुकत गेलं तर होतं.

पण दिवास्वप्नाला नक्षीदार गिलावाच तेवढा भुलवतो, अशी धास्ती वाटते. त्याच वाटेवर पाणबुड्याचं साधं घरही आहे. हंगामाआधी घेतलेली उचल फेडता फेडता अशा माणसांचा जन्म जाई. १९३२ साली उचलीवरूनच पाणबुड्यांनी बहारीनमध्ये दंगा केला होता.